बहुभाषिक मजकूर-संपादक, आंतरजालावरील

ब्राउझरच्या खिडकीतच मजकूर लिहिण्याची, तो दुरुस्त करण्याची व त्याला मांडणी देण्याची सोय करणाऱ्या आज्ञावलीस आंतरजालावरील मजकूर-संपादक असे म्हणतात. एकाच संपादकात निरनिराळ्या भाषा व लिपी यांत लेखन करता यावे, ते अचूक साठविले जावे आणि दुसऱ्या संगणकावर तसेच वाचता यावे, यासाठी जी योजना करावी लागते, तिला संपादकाची भाषिक जुळवणी म्हणतात. या जुळवणीत पाच बाबींचा विचार होतो : (१) संपादकाच्या आज्ञा व सूचना ज्या भाषेत दिसतात ती भाषा, (२) प्रत्यक्ष मजकुराची भाषा, (३) लिपीची दिशा, (४) कळफलकावरून अक्षरे उमटविण्याची पद्धती आणि (५) मजकूर साठविण्याचे संकेतन. या पाचही बाबी परस्परांपासून स्वतंत्र आहेत. इंग्रजी आज्ञा असलेल्या संपादकात मराठी मजकूर लिहिता येतो, तसेच मराठी मजकूर रोमन कळफलकावरूनही लिहिता येतो. तथापि हे स्वातंत्र्य प्रारंभापासून नव्हते. अक्षर, त्याची आकृती, त्याची कळ व त्याचा संकेतांक या गोष्टी दीर्घकाळ एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्या क्रमाने सुट्या होत गेल्या, हाच या विषयाच्या इतिहासाचा मुख्य धागा होय. जेथे त्या सुट्या झाल्या नाहीत, तेथे लिहिलेला मजकूर पुढील पिढीच्या यंत्रांना वाचता आला नाही.

पूर्वपीठिका : मुद्रणाच्या युगात अक्षर म्हणजे शिशाचा खिळा होता. श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले, त्यात देवनागरी खिळ्यांचा वापर केलेला होता. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर मुद्रणालयाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवनागरी खिळ्यांना सुबक व स्थिर रूप दिले. रोमन लिपीला शंभराच्या आसपास खिळे पुरत, देवनागरीला मात्र जोडाक्षरे, काना-मात्रा, उकार व रफार यांमुळे शेकडो खिळे लागत. साहजिकच खिळ्यांची संख्या घटविण्याचे प्रयत्न झाले. लोकमान्य टिळकांनी या प्रश्नात लक्ष घातले होते, तर वि. दा. सावरकर यांनी सर्व स्वरांसाठी ‘अ’ हेच मूळ अक्षर योजणारी बाराखडी पुरस्कारिली. यंत्राच्या मर्यादेसाठी लिपी बदलावी, की लिपीसाठी यंत्र बदलावे, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

टंकलेखन यंत्राने ही अडचण वाढविली. सुमारे ४६ कळा व प्रत्येक कळेवर दोन चिन्हे एवढ्यातच सारी लिपी बसवावी लागली. त्यामुळे अक्षरांचे तुकडे करण्यात आले. अर्धे अक्षर उमटवून त्यापुढे काना जोडला म्हणजे पूर्ण अक्षर तयार होई. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे उमटते म्हणून ती व्यंजनाच्या आधी टंकलिखित करावी लागे. म्हणजे ‘कि’ हे अक्षर उच्चारताना ‘क’ आधी व ‘इ’ नंतर येत असला, तरी यंत्रावर क्रम उलटा होता. मुंबईत गोदरेज कंपनीने १९५५ मध्ये भारतीय बनावटीची टंकलेखन यंत्रे तयार करण्यास प्रारंभ केला व पुढे मराठी यंत्रे शासकीय कार्यालयांतून सर्वत्र रूढ झाली. त्यांवर तयार झालेली बोटांची सवय पुढे संगणकाच्या कळफलकावरही टिकून राहिली [⟶ टंकलेखन].

संकेतनाचा आरंभ : संगणक अक्षर ओळखत नाही. त्याला फक्त संख्या कळते. म्हणून प्रत्येक अक्षरास एक संकेतांक ठरवून द्यावा लागतो. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आस्की’ या अमेरिकी मानकात १२८ स्थाने होती व ती इंग्रजीपुरतीच होती. पश्चिम यूरोपीय भाषांसाठी २५६ स्थानांचे ‘आयएसओ ८८५९-१’ हे मानक १९८७ मध्ये आले. देवनागरीला या दोहोंत स्थान नव्हते.

भारतात या दिशेने पद्धतशीर काम कानपूर येथील भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झाले. तेथील संशोधनातून पुढे ‘जिस्ट’ हे तंत्र विकसित झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ या संस्थेने त्याचा प्रसार केला. याच कालखंडात भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने ‘इन्स्क्रिप्ट’ हा कळफलक (१९८६) व ‘इस्की’ हे संकेतन निश्चित केले. इस्कीला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला (आयएस १३१९४). त्यातील २५६ स्थानांपैकी पहिली १२८ आस्कीची व उरलेली भारतीय लिपींची होती.

इस्कीमागील कल्पना मूलगामी होती. ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिपींची वर्णमाला बव्हंशी एकच आहे, केवळ आकृती निरनिराळ्या आहेत. हे ध्यानात घेऊन ‘क’ या वर्णास एकच संकेतांक देण्यात आला. तो देवनागरीत दाखवावयाचा, बंगालीत की गुजरातीत, हे लिपी निवडून ठरे. वर्णांचा क्रम उच्चारानुसार ठेवण्यात आला. म्हणून ‘कि’ साठविताना ‘क’ आधी व वेलांटी नंतर येते. वेलांटी डावीकडे दाखविण्याचे काम यंत्राचे झाले. इन्स्क्रिप्ट कळफलकातही स्वर डाव्या हाताला व व्यंजने उजव्या हाताला अशी सर्व भारतीय लिपींना समान असणारी रचना योजिली गेली. आकृती व वर्ण यांची फारकत येथे प्रथमच तत्त्वतः मान्य झाली.

टंकबद्ध मजकूर : व्यवहारात मात्र दुसरीच पद्धती फोफावली. १९९० च्या दशकात घराघरांत व छापखान्यांत आलेल्या संगणकांत जोडाक्षरे जुळविण्याची शक्ती नव्हती. त्यामुळे रोमन अक्षरांच्या स्थानी देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले टंक (फाँट) तयार करण्यात आले. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव इ. नावांनी असे अनेक टंकसमूह प्रचारात आले. पुस्तके, नियतकालिके, निमंत्रणपत्रिका व कार्यालयीन पत्रव्यवहार यांची कामे त्यांनी सुलभ केली व मराठी अक्षरजुळणीचा खर्च कमी केला, हे त्यांचे श्रेय होय. परंतु संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच. तो रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन समूह असे आणि विशिष्ट टंक लावल्यावरच डोळ्यांना मराठी दिसे. दुसरा टंक लावताच मजकूर अगम्य होई, कारण एकाच स्थानी एका टंकात ‘म’चा तुकडा, तर दुसऱ्यात रफार असे. अशा मजकुरात शब्द शोधणे, अकारविल्हे सूची करणे वा शुद्धलेखन तपासणे जवळजवळ अशक्य होते.

आंतरजालावर आरंभी हीच पद्धती आली. मराठी संकेतस्थळ पाहण्यासाठी वाचकाला प्रथम त्या स्थळाचा टंक उतरवून घ्यावा लागे. १९९७ च्या सुमारास ब्राउझरकडे टंक आपोआप पाठविण्याची तंत्रे आली. तथापि प्रत्येक प्रमुख ब्राउझरचे तंत्र निराळे होते व त्यांपैकी काही अल्पकाळातच मागे पडली. टंक नाहीसा झाला, की त्यावर अवलंबून असलेला लेखही वाचण्यायोग्य राहत नसे.

युनिकोड : जगातील सर्व लिपींना एकाच कोष्टकात स्थान देणाऱ्या ‘युनिकोड’ मानकाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात देवनागरीसाठी १२८ स्थानांचा स्वतंत्र गट आहे व त्याची मांडणी १९८८ च्या इस्कीवर आधारलेली आहे. इस्कीत सर्व भारतीय लिपींना समाईक संकेतांक होते, युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीस निराळा गट मिळाला. मूळ समांतर रचना मात्र टिकून राहिली. देवनागरी ‘क’चा संकेतांक दशमान पद्धतीने २३२५, बंगाली ‘क’चा २४५३ व गुजराती ‘क’चा २७०९ आहे. या संख्यांतील अंतरे १२८ च्या पटीत आहेत.

युनिकोडचे संकेतांक प्रत्यक्ष साठविण्याची ‘यूटीएफ-८’ ही पद्धती केन टॉमसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये योजिली. तीत इंग्रजी अक्षरास एक बाइट व देवनागरी अक्षरास तीन बाइट लागतात. ‘क्षि’ हे वाचकाला एकच अक्षर वाटते. संगणकात मात्र ते क, हलन्त, ष व वेलांटी अशा चार संकेतांकांनी व बारा बाइटांनी बनते. चार संकेतांकांतून एक आकृती घडविण्याचे काम टंक व संगणकाची प्रणाली मिळून करतात. त्यासाठी लागणारे ‘ओपनटाइप’ हे टंकस्वरूप मायक्रोसॉफ्ट व अडोबी या कंपन्यांनी १९९६ मध्ये घोषित केले. २००० मध्ये आलेल्या ‘विंडोज २०००’ या प्रणालीत देवनागरीची जुळणी अंतर्भूत होती. तीमधील ‘मंगल’ हा टंक कवी व सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी आखला. तथापि त्यानंतरच्या ‘एक्सपी’ (२००१) या प्रणालीतही ही सोय मूळ तबकडी घालून वेगळी चालू करावी लागे. त्यामुळे पुढील काही वर्षे अनेकांच्या पडद्यावर वेलांटी भलत्या ठिकाणी व जोडाक्षरे फुटलेली दिसत.

ब्राउझरमधील लेखनाचा विकास : टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संस्थेत तयार केलेला पहिला ब्राउझर वाचनाबरोबर लेखनासाठीही होता. पुढे प्रसिद्धी पावलेल्या ब्राउझरांतून लेखनाचा भाग गळाला. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्ये साधा मजकूर भरण्याची चौकट प्रमाण झाली व त्याच वर्षी वॉर्ड कनिंगहॅम यांच्या ‘विकी’ने ब्राउझरमधून पाने दुरुस्त करण्याची पद्धती रूढ केली. या चौकटीत ठळक वा तिरपी अक्षरे थेट दिसत नसत. २००० मध्ये ‘इंटरनेट एक्सप्लोरर ५.५’ या ब्राउझरने पानाचा कोणताही भाग संपादनक्षम करण्याची सोय दिली आणि कालांतराने अन्य ब्राउझरांनीही ती स्वीकारली. तिच्या आधारे फ्रेडेरिको क्नाबेन यांचा ‘एफसीकेएडिटर’ (२००३) व मॉक्सिकोड या स्वीडिश कंपनीचा ‘टायनीएमसीई’ (२००४) हे संपादक पुढे आले. पहिल्याचे २००९ मध्ये ‘सीकेएडिटर’ असे नामांतर झाले. संकेतस्थळे चालविणाऱ्या असंख्य प्रणालींत हे संपादक बसविले गेले. त्यामुळे त्यांच्या भाषिक जुळवणीचे गुणदोष सर्वदूर पसरले.

आंतरजालाच्या मूळ रचनेतही दरम्यान बदल झाले होते. डिसेंबर १९९७ मधील एचटीएमएल ४.० या मानकाने युनिकोडशी समकक्ष असलेला आंतरराष्ट्रीय वर्णसंच आधारभूत मानला आणि मजकुराच्या कोणत्याही भागाची भाषा व दिशा नोंदविण्याची सोय केली. संपादकाची भाषिक जुळवणी या पायावर उभी आहे.

जुळवणीची अंगे : (अ) आज्ञांची भाषा. संपादकातील शब्दांचे भाषांतर प्रत्येक भाषेसाठी वेगळ्या धारिकेत ठेवतात व तिला भाषेच्या आंतरराष्ट्रीय संकेतानुसार नाव देतात. मराठीचा दोन अक्षरी संकेत ‘एमआर’ हा आहे. भाषा स्पष्ट न सांगितल्यास सीकेएडिटरसारखे संपादक वाचकाच्या ब्राउझरची भाषा पाहून निवड करतात व ती न मिळाल्यास इंग्रजीचा आश्रय घेतात.

(आ) मजकुराची भाषा. ही आज्ञांच्या भाषेहून निराळी बाब होय आणि जुळवणीत सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाबही हीच. अनेक संपादकांत ती वेगळी न सांगितल्यास आज्ञांचीच भाषा गृहीत धरली जाते. परिणामी इंग्रजी आज्ञा पसंत करणाऱ्या लेखकाचा मराठी लेख संगणकाच्या लेखी इंग्रजी ठरतो. मग शुद्धलेखन-तपासणी प्रत्येक शब्दाखाली तांबडी रेघ ओढते, अंधांसाठी मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली चुकीचा आवाज निवडते व टंकातील मराठी वळणाची अक्षरे निवडली जात नाहीत. संपादकाच्या चौकटीस दिलेली भाषानोंद साठविलेल्या मजकुराबरोबर जातेच असे नाही, म्हणून लेख जेथे दाखविला जातो त्या पानावरही ती द्यावी लागते. एका लेखात संस्कृत वा उर्दू अवतरण आल्यास तेवढ्या भागास स्वतंत्र नोंद जोडण्याची सोय प्रगत संपादकांत असते.

भाषा व लिपी एकच नव्हेत, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. कोकणी देवनागरीप्रमाणेच रोमन व कन्नड लिपींतही लिहिली जाते. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा अधिनियमात देवनागरीतील कोकणी अभिप्रेत आहे, तथापि रोमन लिपीतील कोकणी लेखनाची परंपराही तेथे दीर्घ आहे. सिंधी भाषा अरबी वळणाच्या लिपीत व देवनागरीत अशी दोन्ही प्रकारे लिहितात. या कारणास्तव भाषासंकेतास लिपीचा संकेत जोडण्याची रीत २००६ मध्ये प्रमाणित करण्यात आली.

(इ) दिशा. उर्दू, अरबी, हिब्रू इ. भाषा उजवीकडून डावीकडे लिहितात, पण त्यांतील अंक व मध्येच येणारे रोमन शब्द डावीकडून उजवीकडे जातात. अक्षरांचा साठविण्याचा क्रम उच्चारानुसार ठेवून दर्शनी क्रम नियमांनी काढण्याची रीत युनिकोडने ठरविली आहे. देवनागरीच्या वेलांटीला लावलेले तत्त्वच येथे व्यापक स्वरूपात दिसते. संपादकात मजकुराची दिशा व साधनपट्टीची दिशा या दोन वेगळ्या बाबी असतात.

(ई) अक्षर उमटविण्याची पद्धती. मराठीसाठी इन्स्क्रिप्ट, टंकलेखन यंत्राचा जुना कळफलक व रोमन अक्षरांतून उच्चारानुसार लेखन अशा तीन प्रमुख पद्धती आहेत. परदेशांतील व कार्यालयांतील संगणकांवर मराठी कळफलक चालू करण्याची मुभा बहुधा नसे. त्यामुळे ब्राउझरमध्येच रोमन कळांचे देवनागरीत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलींना विशेष महत्त्व आले. १९९६ मध्ये सुरू झालेले ‘मायबोली’ व २००४ मधील ‘मनोगत’ यांसारख्या मराठी संकेतस्थळांनी, तसेच ‘गमभन’सारख्या साधनांनी ही पद्धती देशोदेशींच्या मराठी भाषकांत रुजविली. वेगळे शिक्षण न घेता मातृभाषेत लिहिता येऊ लागल्याने लिहिणाऱ्यांची संख्या वाढली. प्रमाण कळफलक शिकण्याची निकड मात्र त्यामुळे कमी झाली.

अशा रूपांतरात संपादकाला बरीच दक्षता बाळगावी लागते. एक कळ दाबल्यावर आधीचा हलन्त काढून तेथे मात्रा ठेवावी लागते व दर्शक योग्य जागी न्यावा लागतो. मागे खोडण्याच्या कळेने ‘क्षि’मधील फक्त वेलांटी जावी की संपूर्ण अक्षर, हाही निर्णय करावा लागतो. सामान्यतः मागे खोडताना एक संकेतांक व पुढे खोडताना संपूर्ण अक्षर काढतात. भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील कळफलक प्रत्येक कळ संपादकाला कळवीत नाहीत, ते तयार शब्दच देतात. म्हणून केवळ कळांवर लक्ष ठेवणाऱ्या जुन्या आज्ञावली तेथे निकामी ठरल्या.

(उ) साठवण. संपादक निर्दोष असूनही मजकूर नष्ट होऊ शकतो, तो बहुधा येथे. पान, सर्व्हर व विदागार या तिन्ही ठिकाणी एकच संकेतन नसल्यास मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग साठविली जाते व मूळ मजकूर परत मिळविता येत नाही. ‘मायएसक्यूएल’ या बहुप्रचलित विदागारात २०१८ मधील आठव्या आवृत्तीपर्यंत पश्चिम यूरोपीय संकेतनच मूळ पर्याय म्हणून ठेवलेले होते. त्यातील ‘यूटीएफ-८’ या नावाच्या पर्यायातही एका अक्षरास तीनच बाइटांची सोय होती. देवनागरीला तेवढे पुरत. परंतु युनिकोडमध्ये २०१४ साली समाविष्ट झालेल्या मोडी लिपीच्या अक्षरांना चार बाइट लागतात. त्यांसाठी २०१० मध्ये उपलब्ध झालेला चार बाइटांचा पर्याय मुद्दाम निवडावा लागे. अन्यथा मजकूर नाकारला जाई वा पहिल्या मोडी अक्षरापाशी तुटे.

काही संपादकांत प्रत्येक अक्षराऐवजी त्याचा अंकात्मक संकेत लिहून साठविण्याचा पर्याय असतो. या पद्धतीत ‘क’ हा चिन्हांसह २३२५ या अंकांनी लिहिला जातो व त्यास तीनऐवजी सात बाइट लागतात. ब्राउझरमध्ये मजकूर योग्य दिसत असल्याने दोष लक्षात येत नाही. मात्र विदागारात मराठी शब्द शोधल्यास काहीच हाती लागत नाही. बहुभाषिक जुळवणीत हा पर्याय बंद ठेवणे इष्ट असते.

मराठीचे विशेष प्रश्न : देवनागरी ही हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत इ. भाषांची समाईक लिपी असल्याने मराठीच्या वेगळ्या गरजा प्रारंभी दुर्लक्षिल्या गेल्या. त्यांतील तीन उल्लेखनीय होत.

पहिली गरज अर्ध्या ‘ऱ’ची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र व ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यांना’ म्हणजे गुरूंना व ‘आचाऱ्यांना’ म्हणजे स्वयंपाक्यांना. हिंदीत हा भेद नाही. युनिकोडमध्ये तो दोन मार्गांनी साधता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. दोहोंची आकृती एकच, पण साठवण निराळी असल्याने एका मार्गाने लिहिलेला शब्द दुसऱ्या मार्गाने शोधल्यास सापडत नाही. याखेरीज, मजकूर स्वच्छ करताना अदृश्य चिन्हे काढून टाकणारा संपादक दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करतो आणि लेखकाला त्याची सूचनाही मिळत नाही. या कारणास्तव पहिला मार्ग अधिक सुरक्षित मानला जातो.

दुसरी गरज ‘ॲ’ या स्वराची. इंग्रजी शब्दांसाठी मराठीत तो सर्रास वापरला जातो, पण युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र स्थान २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाले. तत्पूर्वी कोणी ‘अ’वर चंद्र जोडीत, तर कोणी हिंदी वळणाचे ‘ऍ’ वापरीत. त्यामुळे एकाच शब्दाची तीन रूपे आंतरजालावर विखुरली.

तिसरी गरज ‘ल’ व ‘श’ यांच्या मराठी वळणाची. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही रूपे प्रमाण ठरविली. हिंदी व मराठी वळणांना संकेतांक एकच असल्याने हा भेद टंकाने करावयाचा असतो व टंकाला भाषा सांगावी लागते. मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविलेली असल्यास, आणि टंकात तशी तरतूद असल्यास, मराठी वळण आपोआप येते. नोंद नसल्यास ते येत नाही. जुळवणीतील एका लहानशा नोंदीचा परिणाम लिपीच्या वळणापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

विकिपीडिया : पाचही बाबी वेगळ्या ठेवण्याचा सर्वांत व्यापक प्रयोग विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात झाला. मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. त्याच्या प्रणालीत आज्ञांची भाषांतरे स्वयंसेवक करतात. २०११ च्या सुमारास ‘नारायम’ या जोड-आज्ञावलीने संपादनाच्या चौकटीतच अनेक भारतीय कळफलक उपलब्ध करून दिले. २०१३ मध्ये तिची जागा घेणाऱ्या साधनात आज्ञांची भाषा, कळफलक व टंक यांची स्वतंत्र निवड करता येऊ लागली. पाटण्यात वा बोस्टनमध्ये बसून, इंग्रजी आज्ञा ठेवून, इन्स्क्रिप्टने मराठी नोंद लिहिणे यामुळे शक्य झाले.

मूल्यमापन : खिळ्यापासून युनिकोडपर्यंतच्या या वाटचालीत लिपी यंत्रासाठी बदलावी हा आग्रह मागे पडला व यंत्राने लिपीला सामावून घ्यावे हे तत्त्व रूढ झाले. जोडाक्षरे टाकून न देता ती संगणकावर आली. तथापि १९९० च्या दशकात व नंतरच्या काही वर्षांत टंकबद्ध पद्धतीने जुळविलेल्या मराठी मजकुराचा प्रश्न शिल्लक आहे. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणाऱ्या आज्ञावली उपलब्ध आहेत. परंतु प्रत्येक टंकासाठी निराळे कोष्टक लागते, वेलांट्या व रफार योग्य जागी हलवावे लागतात आणि अखेरीस माणसाने वाचून खात्री करावी लागते. ज्या मजकुराचा टंकच हरवला आहे, त्याची छापील प्रत असेल तरच तो पुन्हा मिळविता येतो. छापील पुस्तक शंभर वर्षांनंतरही वाचता येते. वीस वर्षांपूर्वीची संगणकीय धारिका मात्र मूळ टंकावाचून वाचता येत नाही, ही विसंगती संकेतनाकडे झालेल्या दुर्लक्षातून उद्भवली आहे.

भाषिक जुळवणी हा केवळ तंत्रज्ञांच्या सोयीचा विषय नाही, हे यावरून स्पष्ट होते. शाळा, ग्रंथालये, वृत्तपत्रे व शासकीय कार्यालये आपला मजकूर आता प्रथम संपादकाच्या चौकटीतच लिहितात व पुष्कळदा त्याची छापील प्रत निघतही नाही. अशा वेळी मजकुराची भाषा नोंदविणे, प्रमाण संकेतन वापरणे व ते साठवणीच्या प्रत्येक टप्प्यावर कायम ठेवणे यांवरच त्या लेखनाचे दीर्घायुष्य अवलंबून राहते.